दुर्गाबाईची बांगडी

भोकरदनच्या कापसाच्या जिनिंगात तारा अन् श्रीपतीची पहिली गाठ पडली ती भांडणातच. चौऱ्याण्णवची दिवाळी नुकती सरली होती. हवेत रुई तरंगत होती, तीन नंबरची मशीन घरघरत होती अन् तारा फिरत्या पट्ट्यावरून वाकून पलीकडच्या खिळ्याला हिरवी बांगडी अडकवत होती.

"बाई, हे काय करून राह्यल्या?" नव्या फिटरनं, श्रीपतीनं, विचारलं.

"दुर्गाबाईचा मान. गेल्या साली ह्याच पट्ट्यानं पदर ओढून तिला नेलं. मशीन चालू असतानाच द्यावा लागतो, न्हाईतर पोचत न्हाई."

"म्हंजे ती जिथं पदरापायी गेली, तिथंच तुमी रोज पदर घेऊन वाकता?"

"मिस्तरी, जिभेला जाळी बसवा."

त्यानं पट्ट्यासाठीच लोखंडी जाळी जोडायला घेतली. खरंच की, साऱ्यांनी पट्ट्याला ओवाळलं, झाकलं मात्र कुणीच न्हाई. जाळी होईस्तोवर तारा वाकली की हा बंद करायच्या दांड्यावर हात ठेवून उभा. "मेल्याला दुसरं काम न्हाई," म्हणत ती हसू पदरात दाबायची.

अवसेच्या सकाळी ती वाकली अन् मागून कुणीतरी पदर खस्सकन ओढला. ती धपकन मागं बसली. पदराचा काठ पट्ट्याला चाटून फाटला होता.

"पदराला हात घालता व्हय?" ती वळली. मागं कुणीच नव्हतं. श्रीपती वीस पावलांवर, दांडा ओढून, पांढराफटक.

"मी... मी तर इथंच हाय, तारा."

मशीन थांबली. तारानं पदर चाचपला. तो कमरेला गच्च खोचलेला होता — डाव्या बाजूला. ती स्वतः उजवीकडं खोचायची. डावीकडं खोचायची ती डावखुरी दुर्गाबाई.

"खिळा रिकामा करा," तारा हळूच म्हणाली. "जाळी बसवा."

दुसऱ्या दिवशी, मशीन सुरू व्हायच्या आधी, शेवटचा बोल्ट आवळून श्रीपतीनं कागदाची पुडी सोडली. हिरव्या बांगड्या.

"ह्या मशीनीच्या न्हाईत. तुमची मर्जी असली... तर."

"दांडा तर लई जल्दी ओढता, मिस्तरी. हे बोलायला इतके दिवस?" तिनं हात पुढं केला.

बांगड्या चढवता चढवता तो थबकला. "डझन आणल्या होत्या. अकराच हायत."

दोघांनी वर पाहिलं. जाळीच्या आत, जिथं आता बोटही शिरत नव्हतं, त्या खिळ्यावर बारावी बांगडी हळूहळू झुलत होती.

"असू द्या," तारा म्हणाली. "पसंत पडलात तिला." अन् तिनं दुसरा हात पुढं केला.