पाझर गुहेतली कोरी काच

थेंब पडत होता, पण काच कोरीच होती.

जुई गुडघ्यांवर बसून त्या हातभर लांबीच्या काचेकडे बघत राहिली. चंद्रपूरहून आदल्या दिवशी दिवसभर गाडीचा प्रवास करून ती, बाबा आणि आजोबा बस्तरच्या जंगलातल्या या राष्ट्रीय उद्यानात आले होते. गाडी चालकाशिवाय, आपली आपण चालत होती, त्यामुळे कुणाला काही काम नव्हतं, आणि बोलायला सुरुवातही कुणी केली नव्हती. या वाटेवर दरवर्षी आईच बोलायची. गेल्या पावसाळ्यात आजारपणात ती गेली.

आई गुहांची अभ्यासक होती. पाझर गुहेतल्या सर्वांत रुंद पण बुटक्या लवणस्तंभाच्या (थेंबाथेंबाने साचत गेलेल्या दगडी खांबाच्या) माथ्यावर ही काच तिनंच ठेवली होती. खांब वाढत असेल, तर काचेवर पांढरा थर धरायला हवा होता.

"आजोबा, आतल्या दालनातल्या काचेवर थर आलाय. थेंब तिथंही असाच पडतो. मग इथं का नाही?"

आतल्या दालनाची वाट फार अरुंद. तिथं फक्त 'कोळी' जायचा. कोळी म्हणजे आईनं बनवलेला आठ पायांचा यंत्रमानव. तिथून त्यानं टिपून आणलेला फोटो त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर दिसत होता.

"ऋजुतालाही हाच प्रश्न पडला होता," आजोबा म्हणाले. ते आईचे, म्हणजे ऋजुताचे, वडील आणि स्वतः भूशास्त्रज्ञ (खडकांचा आणि जमिनीचा अभ्यास करणारे). लेकीचं अपुरं काम आता त्यांनी हाती घेतलं होतं. "आधी सांग, दगड थेंबात येतो कुठून?"

"वरच्या डोंगरातून?"

"बरोबर. पावसाचं पाणी मातीत मुरतं. मातीत मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू असतो. तो मिसळला की पाणी किंचित आम्लधर्मी (आंबट गुणाचं) होतं, आणि खालच्या चुनखडकातला चुना विरघळवत झिरपतं. असा थेंब गुहेत पोचला की त्यातला वायू हवेत निघून जातो. वायू गेला की पाण्याला चुना पेलवत नाही. तो खाली बसतो. त्याचाच हा खांब."

"म्हणजे इथं वायू बाहेर पडतच नाही?"

"का पडत नसेल? पावसाळ्यात कपडे का वाळत नाहीत?"

"हवेतच वाफ भरलेली असते. कपड्यांतल्या पाण्याला जायला जागा..." जुई थांबली. तिनं कोळीच्या पडद्यावर पाहिलं. गुहेच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा ते आल्यापासून चढतच होता. आतल्या दालनातला आकडा कितीतरी कमी होता.

"आपण," ती हळूच म्हणाली. "आपल्या श्वासामुळे?"

आजोबांनी होकारार्थी मान हलवली. "एरवी इथं रोज शेकडो पर्यटक येतात. बंद गुहेत त्यांचा श्वास साठतो. थेंबातला वायू थेंबातच राहतो, आणि चुनाही. उद्यानाचे अधिकारी विचारताहेत, काय करायचं. गुहा बंद करा, असं मला सांगावं लागेल."

"आपल्यालाही?"

"आपल्यालाही."

जुईनं खांबाकडे पाहिलं. इथंच, या दगडाशेजारी बसून आई तासन्‌तास काम करायची. घरातले तिचे कपडे केव्हाच आवरून ठेवले होते. आई अजून कुठं असेल तर ती इथं, असं जुईला वाटत आलं होतं. तिला हुंदका फुटला. दुसरा आला. आणि पडद्यावरचा आकडा सरकलेला तिला दिसला.

तिनं घट्ट ओठ मिटले. श्वास रोखून धरला. चेहरा लाल झाला, खांदे थरथरू लागले.

"जुई, श्वास घे!" बाबा घाबरून पुढे झाले.

"नको! आईचा खांब..."

"अगं वेडे," आजोबा तिच्यापाशी वाकले. "तिला खांब वाढायला हवा होता, हे खरं. पण त्यासाठी तू गुदमरलेलं तिला चाललं असतं का?"

जुईनं श्वास सोडला. मग डोळे पुसून ती स्वतःच उठली.

"चला बाहेर," ती म्हणाली. "लवकर चला."

दारातून बाहेर येताच उन्हानं तिचे डोळे दिपले. सालवृक्षांचं जंगल दरीपर्यंत पसरलं होतं. आजोबांनी तिला जवळ घेतलं.

"इथं रड. हवं तेवढं रड. ही पानं उन्हात तोच वायू घेतात आणि स्वतःचं अन्न बनवतात. इथं कुणाचं काही बिघडत नाही."

मग जुई रडली, मोठ्यानं, भोकाड पसरून. बाबा आधी नुसते उभे होते. मग ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच जुईनं त्यांना रडताना पाहिलं.

"हेमंतराव," बऱ्याच वेळानं आजोबा जावयाला म्हणाले, "माणसं यायची थांबली की आतली हवा हळूहळू निवळेल. मग खांबावर पुन्हा थर धरू लागेल. पण फार सावकाश. नखभर वाढ बघायलाही आपल्यातलं कुणी नसेल."

"मग कोण बघेल?" जुईनं विचारलं.

"पुढची माणसं. त्यांना आपली नावंही ठाऊक नसतील."

जुईनं नाक पुसलं. दरीतून वारा आला आणि सगळी पानं एकदम सळसळली.

"चालेल," ती म्हणाली. "बाबा, परत जाताना आईबद्दल सांगा ना. पहिल्यापासून सांगा."