दोर आखूड होत गेला

गाडी ओढायला येणारा माणूस चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला आणि सारखा घड्याळ बघणारा असेल, असं तिने मनाशी धरलं होतं. प्रत्यक्षात पिकअपमधून जो उतरला त्याच्या खांद्यावर कुठलंतरी हिरवं पान चिकटलं होतं, वय तिच्याच आसपास होतं आणि घाई म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नसावं. त्याने आधी शेडकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग तिच्याकडे. तिच्याकडे थोडं जास्तच. आता थोडं म्हणजे किती, ते सांगणं अवघड आहे, पण तिने हातातला पान्हा उगाचच या हातातून त्या हातात घेतला, एवढं खरं.

“काकांनी पाठवलंय ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“काकांनीच. आणि तुम्ही?”

“मलाही काकांनीच.”

“मग झालं तर,” तो म्हणाला.

झालं काहीच नव्हतं. दोघांनी तिथेच आणखी एकेक प्रश्न विचारला असता तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण माणूस आवडला की आपण चौकशी कमी करतो आणि मान जास्त डोलावतो. तशा माना डोलावून झाल्या आणि दोघं कामाला लागले.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. देवमाणूस, पण ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. एकाच दिवशी दोन घरी जेवायला येतो म्हणाले आणि दोन्हीकडे पोटभर जेवून आले, असा त्यांचा लौकिक. त्यांची गाडी बंद पडलेल्या छापखान्यामागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. आता शेड पाडायची होती. “गाडी तुझी, घरी घेऊन जा, मी माणूस पाठवतो,” असं काका तिला म्हणाले होते.

तिला ती हवीच होती. ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ‘ही काच बरी की ती?’ असं दिवसभर लोकांना विचारायची आणि घरी आल्यावर साधी उशीची खोळ निवडताना तिला घाम फुटायचा. पण एक गोष्ट तिने ठरवली होती. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन डोळे तपासायचे. दुकानमालकाने ही कल्पना हसण्यावारी नेली होती. गाडी आली की दुकान सोडायचं, हे नक्की होतं. बऱ्यापैकी नक्की.

गाडीच्या मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटून मोडलाही होता. चाकांत हवा भरली तेव्हा ती कण्हत वर आली. हँडब्रेक गंजून चिकटलेला. पिकअपवाल्याने चाकावर हातोडी मारून मारून तो सोडवला, मग तिला सीटवर बसवून ब्रेक दाबायला लावला.

“लागतोय. पण उशिरा लागतोय,” तो म्हणाला. “दोनदा दाबायचा.”

“तुम्ही रोज हेच काम करता?”

“मी रोपं विकतो. हे काम आयुष्यात पहिल्यांदाच करतोय.”

“आणि हे मला आत्ता सांगताय?”

“दोर बांधायच्या आधी सांगितलं की,” तो म्हणाला आणि हसला. डाव्या गालावर खळी, उजव्या गालावर काही नाही. अर्धवट कामाचा तिला एरवी राग येई. आज आला नाही.

दोर काथ्याचा होता, झाडं बांधायचा. त्याने तो तिच्या गाडीच्या पुढे आणि आपल्या पिकअपच्या मागे बांधला आणि तिला नियम समजावला. ओढणाऱ्याने हळू जायचं. ओढल्या जाणाऱ्याने दोर सैल पडू द्यायचा नाही. थांबायचं झालं तर तो खिडकीतून हात बाहेर काढेल, हात दिसला की तिने ब्रेक मारायचा.

“हात दिसला की ब्रेक,” तिने पाठ करून दाखवलं.

“तुम्ही फार गुणी आहात, मॅडम.”

तिने काच वर करायला घेतली. ती वर गेलीच नाही.

निघाले. इंजिन मुकं, स्टिअरिंग दगडासारखं जड आणि समोर पिकअपमध्ये डुगडुगत चाललेल्या कुंड्या. पहिल्याच चौकात त्याचा हात बाहेर आला. तिने जीव खाऊन ब्रेक दाबला. एकदा, दोनदा. काथ्या ताणला, करकरला आणि तुटला. पिकअप मात्र तशीच निघून गेली.

ती भर रस्त्यात स्टिअरिंग धरून बसून राहिली. मागून सायकलवाला आला, तिला बघत बघत पुढे गेला. आता काय करायचं असतं? उतरायचं? हाक मारायची? हाक मारायची तर काय म्हणून? नावही विचारलेलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो उलट्या दिशेने, मागे मागे येताना दिसला.

“ब्रेक का मारलात?”

“हात काढलात ना तुम्ही.”

“तो होय... तो न्हाव्याला केला. ओळखीचा आहे.” तो ओशाळला. “सवय आहे हो. सगळ्यांना झाडं दिलीत मी.”

“मग मला कसं कळणार की हात न्हाव्यासाठी आहे का माझ्यासाठी?”

तो यावर विचार करत उभा राहिला, ते तिला जरा जास्तच वाटलं. शेवटी म्हणाला, “आता कुणालाच हात करत नाही.” त्याने तुटलेली टोकं जोडून गाठ मारली. गाठीत बराच दोर गेला. दोन गाड्यांमधलं अंतर कमी झालं.

पुढे दुकानं संपली, एका बाजूला गोदामाची लांबलचक भिंत लागली. रस्ता रिकामा. इथवर त्याने शब्द पाळला होता. शिंप्याने, बेकरीवाल्या बाईने, शाळेच्या दारातल्या शिपायाने हात केला तरी त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. आता तर तिला त्या लोकांसाठीच वाईट वाटायला लागलं होतं. तेवढ्यात, कुणी नसताना, त्याचा हात खिडकीतून बाहेर आला. बोटं हलली.

तिने ब्रेक मारला. दोनदा.

दोर तुटला. या खेपेला तो लगेच थांबला. उतरून आला आणि तिच्या खिडकीशी वाकला.

“आता काय झालं?” तिने विचारलं. “पुढे काही आलं का?”

“नाही.”

“मग हात कुणाला केलात? रस्त्यावर चिटपाखरू नाही.”

“नव्हतंच कुणी.” तो दाराच्या कडेला लागलेला गंज नखाने खरवडू लागला. “म्हणजे... तुम्हाला केला.”

“मला? का?”

“आरशात दिसलात म्हणून.”

रागवावं, तर हसू येत होतं. हसावं, तर तो आणखी बोलेल. बोललेला हवा होता की नको? तिने समोरच्या मीटरकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. तिथूनही काही मदत मिळाली नाही.

“गाठ मारा,” ती म्हणाली.

गाठ मारल्यावर दोर इतका आखूड झाला की त्याच्या आरशात तिला त्याचे डोळे दिसायला लागले. डोळ्यांचं तिला काही नवल नव्हतं, दिवसभर डोळेच बघायची ती. पण ते डोळे तक्त्याकडे बघणारे असतात. हे तिच्याकडे बघत होते.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो. तिचं घर डावीकडे. पिकअप उजवीकडे वळली.

रस्ता चुकला असेल, असं तिला आधी वाटलं. मग लक्षात आलं की तिने पत्ता सांगितलेलाच नाही. आणि त्याने विचारलेला नाही. तिसऱ्यांदा ब्रेक, तिसऱ्यांदा तोच आवाज. आता ती स्वतः उतरून पुढे गेली.

“कुठे नेताय?”

“घरी.”

“कुणाच्या घरी?”

“माझ्या,” तो म्हणाला. “माझी गाडी दुसऱ्या कुणाच्या घरी कशाला नेऊ?”

दोघं तुटलेल्या दोराच्या दोन टोकांना उभे होते.

“ही गाडी माझी आहे,” ती म्हणाली. “काकांनी मला दिलीय.”

“मला दिलीय. गेल्या महिन्यात, त्यांच्या अंगणात झाडं लावायला गेलो तेव्हा. मला वाटलं, तुम्हाला त्यांनी माझ्या मदतीला पाठवलंय.”

“मला वाटलं, तुम्हाला माझ्या.”

तिने काकांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“काका, गाडी कुणाची?”

“कुठली गं, ठकू?”

“तुमच्याकडे किती आहेत?”

“एकच.”

“ती मला दिली होतीत ना?”

“दिली होती की.”

“काका, मी रोपवाला,” तो पुढे वाकून म्हणाला. “मलाही म्हणाला होतात, घेऊन जा.”

“म्हणालो होतो की. दोघं बरोबर आहात का? छान झालं बाबा. मला काळजी होती, एकट्याने कसं ओढणार म्हणून.”

“पण काका, गाडी एकालाच मिळणार ना,” ती म्हणाली.

“असं कसं? मी दोघांनाही हो म्हटलंय,” काका म्हणाले, अगदी दुखावल्यासारखे. “बरं, ठेवतो हं, दूध उतू जातंय.”

फोन बंद झाला. ‘ठकू’ हे त्याने ऐकलं होतं, हे त्याच्या खळीवरून कळत होतं.

“तुम्हाला कशाला हवी?” तिने जरा घुश्शातच विचारलं. “तुमच्याकडे आहे की पिकअप.”

“आईला पिकअपमध्ये चढता येत नाही. गुडघे. ही बुटकी आहे. तिला बहिणीकडे जायचं असतं, डॉक्टरकडे जायचं असतं... ती म्हणत नाही. खिडकीत बसून राहते.” त्याने दोराचं टोक हातात गुंडाळलं. “तुम्हाला?”

तिने सांगितलं. म्हाताऱ्या माणसांचं, दुकानाचं, मालकाच्या हसण्याचं. सांगताना वाटत होतं की आपलं कारण जास्त मोठं ठरावं, आणि त्याच दमात वाटत होतं की ठरू नये.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “डावीकडे ना?”

“काय?”

“तुमचं घर.”

“आणि तुमच्या आई?”

“तिच्यासाठी बघेन काहीतरी. तुमच्यामागे बरीच माणसं खिडकीत बसलीयत. माझ्यामागे एकच आहे.”

गाठ मारून गाडी डावीकडे वळली. ती जिंकली होती. हवं ते मिळालं होतं, तेही भांडण न करता. मग छातीवर ही धोंड कसली? गल्ली जवळ आली तशी ती ब्रेक उगाचच दाबत राहिली, अगदी हलका, म्हणजे दोर तुटणार नाही पण पोहोचायला उशीर होईल. आरशातल्या डोळ्यांना ते कळलं असावं. पिकअपही हळू झाली. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने दोघांचा उद्धार केला.

घरासमोर बाबा उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि आत जाऊन मोजायची टेप घेऊन आले.

“जाणार नाही,” ते म्हणाले.

“असं कसं?”

“मागच्या वर्षी आपण फाटक लहान केलं ना. स्कूटरला एवढं कशाला, असं तूच म्हणालीस. गाडी आणणार होतीस तर फाटक बघायचं नाही का?”

एवढा सगळा रस्ता तिने ब्रेक, दोर, आरसा, डोळे, सगळं बघितलं होतं. फाटक तेवढं बघितलं नव्हतं. गल्ली अरुंद. बाहेर गाडी ठेवली तर दूधवालासुद्धा आत येणार नाही.

रोपवाला हसला नाही. हसला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो नुसता दोर हातात घेऊन उभा होता. “रोपवाटिकेत जागा आहे,” एवढं म्हणाला. “सावलीही आहे. गाडी तुमचीच राहील. तुम्ही म्हणाल तेव्हा...”

“सकाळी मी नेईन,” ती म्हणाली. “दुपारनंतर तुमच्या आई.”

“चालेल.”

“आणि त्यांचे डोळे मी तपासणार. खिडकीतून लांबचं दिसतं की नाही, बघितलंय का कधी?”

“नाही,” तो म्हणाला. “आम्हाला कुणाला सुचलंच नाही.”

“हे सगळं ठीक आहे,” बाबा म्हणाले, “पण हे गृहस्थ कोण?”

खरंच, कोण? ओढायला आलेला माणूस तो नव्हता. गाडी नेणारा म्हणावा, तर गाडी त्याने देऊन टाकली होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिला काही निवडायचं राहिलेलं नव्हतं, कारण दुसरं काही डोळ्यांसमोर येतच नव्हतं.

“अजून कुणी नाहीत, बाबा,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. “मला तुम्ही आवडलात. गाडी चालू होईल की नाही ते मला माहीत नाही. चालू नाही झाली तरी मी रोज सकाळी येणार आहे.”

बाबांनी टेप खटकन मिटली आणि ते फाटकाच्या बिजागरीची फार बारकाईने पाहणी करू लागले.

त्याच्या हातून दोर खाली पडला. तो उचलायला वाकला, तसाच राहिला, मग वर बघून म्हणाला, “मी टाकीपासून हेच जुळवत होतो. कसं बोलायचं ते.”

“मग बोला.”

“आता काय बोलू? मॅडम, तुम्ही वाक्यपण घेऊन गेलात.”

“दुसरं शोधा,” ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. “रस्ता लांब आहे.”