हलकी गाडी

फोन आला तेव्हा मेजर बाई जेवायला बसल्या होत्या. हातातला घास ताटात ठेवून त्या चौकशीला निघाल्या.

जुना पूल कोसळला होता. दारूगोळ्याचा ट्रक नदीत पालथा पडला होता. चालक आणि त्याचा जोडीदार, दोघंही जागीच गेले होते. ताफ्यातले बाकीचे ट्रक मात्र डोंगरातल्या लांबच्या रस्त्याने, शत्रूच्या तोफांखालून, सुखरूप पोचले होते.

मग हा एकटाच पुलावर कसा आला?

तळावर सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं. कुठली गाडी कुठल्या वाटेने धाडायची हे ठरवणारा प्रोग्रॅम त्याचा होता. त्याला सगळे गणित्या म्हणत.

"यंत्र सगळ्यात जवळची वाट शोधतं, मॅडम," तो म्हणाला. "पण पुलाला झेपेल तेवढंच वजन तिकडे पाठवतं."

"आज आणखी काही जड गेलं?"

"पाण्याचा टँकर. डोंगरातून."

बाई भांडारात गेल्या. भांडारप्रमुख एका खोक्यावर बसून होते. मेलेला चालक त्यांचा जावई.

"मागच्या हिवाळ्यात मुलगा त्या डोंगरात गेला," ते म्हणाले. "आता हा."

"माल किती चढवला होता?"

"काठोकाठ. सगळ्या ट्रकांत सारखाच. मी स्वतः उभा होतो."

"वजन यंत्रात कोण भरतं?"

"कारकून. मग मी तपासतो."

"आणि कुठली गाडी कुणाला द्यायची?"

"ते मी ठरवतो. ऐन निघताना."

बाईंनी गणित्याला बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"पुलाची मर्यादा कुणी वाढवली असती, तर टँकरही पुलावरून गेला असता," त्या म्हणाल्या. "म्हणजे खोटं होतं ते ट्रकचं वजन. बरोबर?"

"त्या एकाच ट्रकचं निम्मं दाखवलंय," गणित्या पुटपुटला.

"कारकुनाची चूक असेल, असंही म्हणता येईल. पण चुकून हलकी ठरलेली गाडी नेमकी जावयालाच कशी मिळाली? ती कोण चालवणार, हे आधी एकाच माणसाला ठाऊक होतं." त्या भांडारप्रमुखांकडे वळल्या. "आकडा तुम्ही बदललात, काका. त्याला तोफांपासून वाचवायला."

भांडारप्रमुख खोक्यावरून उठले.

"एक पोरगा त्या डोंगराने खाल्ला होता," म्हातारा म्हणाला. "पोरीचं कुंकू तरी राहावं म्हणून... वाटलं, एवढी एक गाडी पूल सोसेल."

"आणि जोडीदार?"

त्यांनी मान खाली घातली. "त्याचा विचारच मनात आला नाही."

गणित्या भिंतीला टेकला आणि हुंदके देऊन रडू लागला.

"पोरीला यातलं काही सांगू नका," म्हातारा हात जोडून म्हणाला. "मला हवं तिथे न्या."

"ती फाटकाशी उभी आहे. नवरा पुलावर का गेला, हेच येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतेय." बाईंनी दार उघडलं. "चला. तिला तुम्हीच सांगायचं."