मोकळी दिसणारी जागा

झेरॉक्सच्या दुकानात ती वैतागून उभी होती. बाहेर पावसाची रिपरिप, ओढणी खांद्याला चिकटलेली, आणि दुकानदाराला काही केल्या तिचं म्हणणं कळत नव्हतं.

"अहो, डिस्क रिकामी दिसतेय. पण ती रिकामी नाहीये... म्हणजे, नव्हती."

"मग आता त्यात काही ठेवू नका," शेजारून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर, चष्मा नाकावर तिरका, आणि हातात लॅमिनेशनला आणलेली पाटी – 'गेलेला डेटा परत काढून मिळेल.' न विचारता सल्ला देणारी माणसं तिच्या डोक्यात जायची.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. सवय आहे." त्याने पाटीवर बोट ठेवलं. "पोटापाण्याची."

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. त्याच्या चष्म्याची डावी दांडी वाकलीय, एवढं तिने तेवढ्यातही टिपलं. मग दुसरा इलाज नव्हता म्हणून ती त्याच्यामागून जिना चढून वर गेली. वरच्या एका खोलीत त्याचं दुकान होतं; टेबलावर उघडी यंत्रं, वायरींचा गुंता, आणि बसायला एकच धड खुर्ची. ती त्याने तिला दिली.

तिने घडलं ते सांगितलं. बाबा आजारपणात रोज दुपारी दार लोटून कॉम्प्युटरवर काहीतरी बोलून ठेवायचे. आईला आता अक्षरं दिसत नाहीत, म्हणून सगळं आवाजातच – लग्नापासूनच्या आठवणी, भांडणं, राहून गेलेली माफी. "मी गेल्यावर सावकाश ऐक," असं आईला बजावून ते गेले. बाबांना नवं काहीतरी करून बघायची भारी खोड. त्यांनी डिस्कचे दोन भाग पाडले होते, आणि आवाज ठेवलेल्या दुसऱ्या भागाला भलतीच फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, दिली होती. तिने ती डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली तेव्हा लॅपटॉपला तो भाग वाचताच येईना. लॅपटॉपनेच विचारलं, फॉरमॅट करायचं का? तिने 'हो' दाबलं.

"आणि नंतर?" डिस्कवाल्याने विचारलं.

नंतर तिने नातेवाइकांकडून बाबांचे फोटो मागवले, आईबाबांच्या लग्नाची भलीमोठी चित्रफीत मागवली, आणि सगळं मोठ्या मायेने त्याच रिकाम्या जागेत नेऊन ठेवलं. चित्रफितीची प्रत मामाकडेही होती, काकाकडेही. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

त्याने डिस्क हातात घेऊन उलटून पाहिली. मग म्हणाला, "फॉरमॅट केलं म्हणजे दारांवरच्या पाट्या निघाल्या. माणसं आतच होती. पण तुम्ही त्या खोल्यांत नवीन बिऱ्हाडं आणून बसवलीत."

तिला त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता. घरी आई रोज विचारायची, "कधी ऐकवतेस गं?" आणि ती रोज सांगायची, वायर बिघडलीय. आता थापाही संपत आल्या होत्या. तिला सगळं परत नको होतं; आईपुढे ठेवायला काहीतरी हवं होतं.

त्याने आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली, मूळ डिस्क कपाटात ठेवली आणि नकलेवर शोध सुरू केला. काम मुंगीच्या पावलांनी चाललं. ती कामावरून सुटली की तिथे यायची, पडद्यावर पुढे सरकणारी पट्टी बघत बसायची. एकदा तिने न विचारताच त्याचा चष्मा काढून घेतला, दांडी गरम करून सरळ केली आणि चष्मा परत त्याच्या कानांवर बसवला. तिची बोटं त्याच्या केसांना लागली... तो श्वास रोखून बसला होता, हे तिच्या लक्षात आलं.

"आता नीट दिसतं?" तिने विचारलं.

"आता जरा जास्तच नीट दिसतंय," तो म्हणाला आणि स्क्रू शोधायला उगाच टेबलाखाली वाकला.

त्याच्या कॉम्प्युटरवरही बाबांसारखीच वेगळी सिस्टिम होती. तिने विचारलं, "म्हणजे तुमच्या डिस्कवरचं मला वाचता येणार नाही?"

"येईल की. पण दोघांना चालेल अशी फाइल सिस्टिम घ्यावी लागेल."

"आणि नाही घेतली तर?"

"तर तुमचा लॅपटॉप विचारेल, याला फॉरमॅट करू का. आणि तुमचा काही भरवसा नाही."

ती खळखळून हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. लगेच तिचा चेहरा उतरला. बाबांचा आवाज पुसणाऱ्या मुलीने हसावं कसं, असं तिला वाटलं. त्याने पाणी पुढे केलं आणि पुढचे शब्द गिळून टाकले.

मग एके दिवशी त्याचा फोन आला. "फोनवर नको. या," एवढंच म्हणाला. जिना चढतानाच तिला कळून चुकलं होतं.

सगळं गेलं होतं. चित्रफितीने जवळजवळ सगळी जागा खाल्ली होती. उरला होता एका रेकॉर्डिंगचा सुरुवातीचा तुकडा, जेमतेम एका वाक्याचा. तो तिने तिथे ऐकला नाही. तेवढी हिंमत नव्हती. खाली मान घालून ती म्हणाली, "तुम्ही घरी याल? आईला सांगाल, डिस्कच खराब झाली म्हणून? माझ्यासाठी... एवढं एक खोटं."

"तुम्ही म्हणाल तर सांगेन," तो म्हणाला. "पण मग तुमच्या घरी मी कायम खोटा माणूस म्हणूनच येईन. आणि मला पुन्हा पुन्हा यायचंय."

ते वाक्य वाटभर तिच्यासोबत चाललं.

दोघं घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. मुलीने लॅपटॉप उघडला, त्याने तुकडा लावला. आधी खरखर, खोकल्याची उबळ, आणि मग बाबा –

"अगं, ऐकतेस का?"

पुढे नुसती खरखर.

"आले हो," आतून आईचा आवाज आला. "हात ओले आहेत माझे. जरा दम धरा."

नळ बंद झाला. आत सगळं थांबलं. मग आई दारात आली, पदराला हात पुसत, पुसतच राहिली. मुलीने डिस्कवाल्याकडे पाहिलं. तो काही बोलणार, तोच ती पुढे झाली.

"आई, मीच पुसलं. चुकून... पण मीच. एवढंच उरलंय."

आई खुर्ची चाचपत खाली बसली. रागावली नाही, रडलीही नाही. चेहरा तेवढा एकदम म्हातारा झाला. मुलीला वाटलं, आपल्याला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मग आई म्हणाली, "पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं. मग पुन्हा. मग कुठली कळ दाबायची ते आईचं बोट धरून दाखवलं, आणि मुलगी आणि तो बाहेर जिन्यावर आली. ती कठड्याला धरून रडली, त्याने तिला रडू दिलं.

"नवीन डिस्क आणून ठेवलीय," जरा वेळाने तो पायरीकडे बघत म्हणाला. "तो तुकडा त्यावर ठेवू, आणखी एक प्रत माझ्याकडे. भाग किती पाडायचे?"

"एकच," ती नाक पुसत म्हणाली. "आणि दोघांना वाचता येईल असाच कर."

'करा' नाही, 'कर'. त्याच्या ते लक्षात आलं. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, वळला.

"अगं, ऐक..." आणि त्याने जीभ चावली.

दाराआडून खरखर आली, बाबा आले, आणि त्यांच्यामागून आईचा बारीक आवाज, "ऐकतेय हो. बोला ना."

तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो अजून तिथेच उभा होता.

"ऐकतेय," ती त्याला म्हणाली. "बोल. सगळं आत्ताच बोल."