बिनखात्याचा टीव्ही

टीव्ही बसवायच्या कामात माझी वीस वर्षं गेली. पूर्वी अँटेना जोडली, चार चॅनेल लावून दिले की काम संपायचं. आता भिंतीला पट्टी ठोकायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ टीव्हीच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात जातो. तुमचं नाव काय, ईमेल काय, तुम्ही काय बघता ते टिपून ठेवू का, तुमचा आवाज ऐकू का. लोक काही न वाचता सगळ्याला हो म्हणून मोकळे होतात. म्हणून तर त्या काकू माझ्या लक्षात राहिल्या.

दुपारचे साडेतीन झाले असतील. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, फरशी अशी पुसलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. काकूंचं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलेलं, त्यामुळे बारीक अक्षर वाचायची सवय. मी खोका उघडताच त्यातला कागद त्यांनी मागून घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून अथपासून इतिपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "खातं उघडायचं नाही. वायफाय जोडायचं नाही. याने काही म्हणजे काही टिपून ठेवता कामा नये."

खिडकीजवळ त्यांची नणंद मटार सोलत बसली होती. लहानपणीच डोळे गेलेले. पण हात असे चालत होते की एक दाणा खाली पडत नव्हता.

मी कामाला लागलो. 'वगळा', 'नंतर', 'मान्य नाही'. टीव्ही हट्टी असतो, तेच तेच तीनदा विचारतो. रिमोटचा माइक बंद केला. काय बघितलं जातं त्याची नोंद ठेवायची सोय आत चार पायऱ्या उतरून लपवलेली असते, तीही बंद केली. मागे फक्त अँटेनाची वायर लावली. झाला आंधळा, असं अगदी ओठांवर आलं होतं. खिडकीकडे नजर गेली आणि जीभ आवरली.

जाहिरातींचा त्रास होत होता का, असं मी सहज विचारलं. काकूंनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि स्टुलावर टेकल्या.

गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले. जुन्या टीव्हीवरचं खातं यजमानांच्याच नावावर होतं. नद्यांवरची एक मालिका ते बघत होते, ती अर्धवट राहिली. दोनेक महिन्यांनी काकूंच्या लक्षात आलं, की चित्राखालची, किती बघून झालं ते दाखवणारी लाल रेघ पुढे सरकलीय. लेकीने पासवर्ड बदलला. रेघ सरकतच राहिली. शेवटी लेकीने कंपनीत फोन केला. तिथून सांगितलं की बाहेरचं कोणी नाही, तुमच्याच घरातल्या टीव्हीवर रोज चारच्या सुमाराला कोणीतरी बघतंय. त्या वेळी काकू दुकानात असायच्या. घरी फक्त नणंद. तिला विचारलं तर ती म्हणाली, मला वाटलं तूच लवकर येऊन लावतेस.

काकूंना भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. त्या चारच्या आत घरी यायला लागल्या. टीव्ही आपोआप लागायचा. यजमानांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून त्या गुपचूप बसायच्या.

"मग नद्या संपल्या," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "आणि यादीत भलतंच यायला लागलं. दोन वर्षांच्या पोरांना बोलायला शिकवतात ना, तसलं. हे नाक… हा हात… म्हणा माझ्यामागे. यांना असल्या गोष्टींचा कंटाळा. टीव्हीने टिपून ठेवलं नसतं, तर मला कळलंच नसतं, की हे नव्हेत म्हणून."

त्यांनी खातं बंद केलं आणि जुना टीव्ही भंगारात दिला. पण दिवसभर घर गप्प राहिलं की नणंदेला करमेना, तिला बातम्या लागत. म्हणून हा नवा. मी म्हटलं, पण काकू, नोंद बंद केली म्हणजे येणारा थांबेल असं थोडंच आहे? तुम्हाला फक्त कळणार नाही.

"तेच हवंय," त्या म्हणाल्या. "मला कळायला नको."

मी टीव्ही चालू केला. बातम्या लागल्या, चित्र स्वच्छ होतं. निवेदिका हवामान सांगत होती. नणंदेचे हात थांबले. तिने मान किंचित तिरकी केली आणि बोट ओठांवर ठेवलं.

मलाही ऐकू आलं. निवेदिका बोलायची आणि अर्ध्या शब्दाच्या अंतराने माझ्या पाठीमागून तेच यायचं. घुमतंय, असं मनाला समजावलं. नव्या स्पीकरचं होतं तसं. "उद्या आकाश निरभ्र…" एवढ्यावर मी रिमोटने आवाज बंद केला.

आणि मग मागून, अडखळत, मोठ्या कष्टाने कोणीतरी शब्द जुळवला…

"निर… भ्र."

मी मागे वळलो नाही. खोटं कशाला सांगू, धीरच झाला नाही. हत्यारं पिशवीत कोंबली. पावतीवर सही घेतली, तेव्हा काकूंचा हात स्थिर होता. त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. नणंद दारापर्यंत चाचपडत आली आणि माझी बाही धरून कुजबुजली, "मटाराच्या शेंगा मोजते बाळा मी… रोज. एकेक कमी होते."

दीड महिन्याने काकूंचा फोन आला. आवाज इतका टवटवीत, की आधी ओळखलाच नाही. वायफाय पुन्हा जोडलंय म्हणाल्या, आता खातं उघडायचंय, जरा फोनवरून सांगा. मी नणंदेची चौकशी केली. ती भाचीकडे राहायला गेली होती, इथे तिला झोप येईना म्हणे.

"मग घरात तुम्ही एकट्याच?" मी विचारलं.

त्यांनी ते ऐकलंच नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. "पहिल्यांदा नाव विचारतंय," म्हणाल्या. "काय टाकू?"

तुमचंच टाका, मी म्हटलं.

"माझ्यासाठी नकोय हो. थांबा, विचारते."

त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. दबलेलं काहीतरी ऐकू आलं. लहान मुलाशी बोलावं तसा त्यांचा लाडिक स्वर. नंतर त्या पुन्हा फोनवर आल्या. हसू दाबत होत्या.

"नाव अजून ठरलं नाही म्हणतो…"