सईचे टिपण

काम अगदीच किरकोळ होते. बँकेत बदलून आलेले कोणी रत्नाकर नावाचे गृहस्थ काशीत मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत राहत. त्यांना घरासाठी मराठी पंचांग हवे होते, आणि ते पोचवायला दूधविनायक मोहल्ल्यातले ज्योतिषी ढुंढिराजशास्त्री आश्विनातल्या एका दुपारी स्वतःच निघाले. पाठवायला दुसरे कोणी नव्हते असे नाही. पण पंचांग हाती देताना ते कसे पाहावे हे चार वाक्यांत सांगावे आणि समोरच्याचे अज्ञान जागच्या जागी तोलून घ्यावे, हा शास्त्रीबुवांचा जुना छंद होता. कोणी ‘मुहूर्त काढून द्या’ म्हणाला की ते म्हणत, “मुहूर्त काढायला तो काय दात आहे? तो असतो. आपण शोधायचा.” गणित मात्र असे चोख की, त्यांनी सांगितलेल्या वेळेला ग्रहणाचा स्पर्श झाला नाही तर लोक आपले घड्याळ दुरुस्त करून घेत.

जिना काळोखा होता आणि त्यात चमेलीच्या तेलाचा वास इतका दाटला होता की, वरच्या पायरीवर पोचेपर्यंत तो जिभेला लागला. दार उघडेच होते. माजघरात पाळणा टांगलेला. दोरीवर लहान लहान झबली वाळत घातलेली आणि त्यांतून पाणी ठिबकत होते.

“वा! किती महिन्यांचे?” शास्त्रीबुवांनी विचारले.

“यायची आहे अजून,” वीणाबाई म्हणाल्या. रत्नाकरांची पत्नी, सडपातळ, शांत, चाळिशीला टेकलेली.

“असे, असे. कितवा लागला?”

रत्नाकर हसले. “तसं नव्हे, शास्त्रीजी. आम्ही पुण्याला शिबिर केलं होतं, चंद्र-साकार साधनेचं. अमावास्येला कागदावर इच्छा लिहायची. पण ‘हवं आहे’ असं नाही, ‘मिळालं आहे’ असं. पौर्णिमेला चांदण्यात वाचायची. मधले पंधरा दिवस ती गोष्ट घरात आहे असंच वागायचं. चंद्र भरतो तशी ती भरत येते. दोन वर्षांपूर्वी मी बढती लिहिली होती.”

“मिळाली?”

“मिळाली की! म्हणून तर काशीला आलो.”

“बढती मिळालेला मनुष्य काशीला येत नाही, रत्नाकरराव. काशीला लोक मरायला येतात.”

रत्नाकर पुन्हा हसले. अशी माणसे हसतातच. टोचलेले कळायला कातडीखाली काही असावे लागते. शास्त्रीबुवांनी पाळण्याकडे पाहिले, ओल्या झबल्यांकडे पाहिले, आणि त्यांच्या मनात तुच्छता अशी चढली की ती त्यांना जवळजवळ सुखाची वाटली. हजार वर्षे ज्या चंद्रावरून तिथी मोजल्या, व्रते धरली, पितरांना पाणी दिले, त्या चंद्राला या लोकांनी हरकाम्या करून टाकले होते. चिठ्ठी द्यायची, आणि त्याने सामान आणून टाकायचे!

“नाव सई ठेवलंय,” वीणाबाई हळूच म्हणाल्या. “आता पत्रिकाच राहिली. शिबिरातले सर म्हणाले, जन्मवेळ नक्की करून लिहून ठेवली की येणाऱ्याला वाट सापडते.”

“बाई, पत्रिका म्हणजे झबले नव्हे, आधीच शिवून ठेवायला.”

इथेच उठायचे होते. शास्त्रीबुवांच्या वडिलांनी विद्या देताना एकच बंधन घातले होते: बाळाने श्वास घेतल्यावाचून त्याच्या जन्माचे टिपण मांडू नये, ज्याला देह नाही त्याला क्षण देऊ नये. ते उठलेही. पण रत्नाकर समजुतीच्या स्वरात म्हणाले, “जमत नसेल तर राहू द्या. सरांकडे संगणकावर दोन मिनिटांत होते.”

शास्त्रीबुवा खाली बसले.

यांना अद्दल घडवायची ती यांच्याच हातात देऊन, असे त्यांनी ठरवले. दिवाळीची अमावास्या संपताना, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्यग्रहण होते. त्यांनी तोच क्षण उचलला. आठ वाजून बेचाळीस मिनिटे. वृश्चिक लग्न, बाराव्या, व्ययाच्या घरात नीचीचा सूर्य, त्याच्यापाशी विझलेला चंद्र, आणि दोघांच्या गळ्याशी राहू. इतके निराधार टिपण त्यांनी उभ्या आयुष्यात मांडले नव्हते. अक्षर मात्र नेहमीसारखेच मोत्यासारखे आले. स्थळ, शक, मास, तिथी, नाव सई. आईबापांच्या नावांची ओळ त्यांनी कोरी ठेवली. खोटे लिहिण्याची त्या हाताला सवय नव्हती.

“ग्रहणातली अमावास्या!” रत्नाकर हरखले. “सर म्हणतात तिच्यासारखी प्रभावी वेळ नाही!”

शास्त्रीबुवांनी कागदाची घडी घालून दिली. गाढवापुढे गीता वाचायची नाही, हे त्यांना ठाऊक होते; आपण काय वाचले ते मात्र त्या वेळी उमगले नाही.

त्यांच्या घरी रिवाज असा की प्रत्येक टिपणाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची. जिवंत माणसांची टिपणे लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेली असत. माणूस गेला की त्याचे टिपण काढून, नाव-गोत्र उच्चारून, अमृतराव घाटावर गंगेत सोडायचे आणि स्नान करून मागे न पाहता परतायचे. तिसरी जागा नव्हती. सईची प्रत हातात धरून शास्त्रीबुवा क्षणभर घोटाळले. मग स्वतःशीच हसून त्यांनी ती लाल फडक्यात, जिवंतांच्या शेवटी, सारून दिली.

ग्रहणाच्या सकाळी गल्ली निपचित पडली होती. पाण्यात तुळशीपत्रे घातली होती, चुली थंड होत्या. शास्त्रीबुवांची सून देवश्री आठव्या महिन्यात होती. तिला पलंगावर बसवून, सुई-सुरीला हात लावू नकोस, असे सासूने, कालिंदीबाईंनी, तीनतीनदा बजावले होते. मुलगा विश्वजीत रेल्वेच्या नोकरीवर मुगलसरायला होता. शास्त्रीबुवा हाती घड्याळ घेऊन अंगणात जपाला बसले.

सव्वाआठला देवश्री कण्हली. मग ओरडली.

रिक्षा कुठली मिळणार? त्या वेळी रस्त्यावर कुत्रेही नव्हते. शेजारच्या गल्लीतली सीता सुईण पदराखाली लोखंडाचा तुकडा धरून, चडफडत आली. “गहन में बच्चा! राम राम… पंडितजी, तोहरे पतरा-पंचांग में ई ना लिखल रहल?”

पंडितजींनी तिला आतले दार दाखवले. उजेड उतरत होता. तो संध्याकाळचा उतरता उजेड नव्हता. राखेतून गाळल्यासारखा, कडा नसलेला होता. भिंतीवरच्या सावल्या केसासारख्या बारीक झाल्या. पारवे वळचणीला परतले आणि एकाएकी गप्प झाले. घाटाकडून शंखांचा, माणसांचा मोठा गलबला आला आणि मध्येच कापल्यासारखा थांबला. अंगावर गारवा आला. आतून रडण्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही.

सीता दारात आली. “बिटिया हौ, पंडितजी. साँस चलत हौ… लेकिन रोवत नाहीं.”

शास्त्रीबुवांनी घड्याळाकडे पाहिले. पाहायची गरज नव्हती.

“अहो,” कालिंदीबाई आतून म्हणाल्या, “वेळ लिहून घेतलीत ना?”

“लिहिलेली आहे.”

मूल जगले. महिनाभर आधी आलेले असूनही नीट अंगाचे होते, दूध पीत होते. पण रडत नसे. दिवसभर गाढ झोपे, आणि दिवा लागला की उचलताना हाताला वजन लागत नसे. कालिंदीबाईंनी दृष्ट काढली, विश्वजीतने डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, ठीक आहे. आठव्या दिवशी सकाळी देवश्रीने विचारले, “आई, बाळाच्या टाळूला चमेलीचं तेल तुम्ही लावलं?”

“चमेली? आपल्या घरात खोबरेलावाचून दुसरं तेल आलंय का कधी? काहीतरीच तुझं.”

ओसरीवर पंचांगाचे गणित करत बसलेल्या शास्त्रीबुवांचा बोरू थांबला. मनात मुन्शी घाटावरचा तो काळोखा जिना उभा राहिला. योगायोग, त्यांनी स्वतःला बजावले. आपण विद्वान आहोत; शिबिरातले भाबडे नव्हे. पण त्या दिवशी त्यांना बेरीज तीनदा करावी लागली.

कार्तिकी पौर्णिमेला दुपारी वीणाबाई आल्या. हातात धुऊन घडी केलेली झबली होती. त्या ओसरीवरच बसल्या.

“बाळ आत आहे,” शास्त्रीबुवा कसेबसे म्हणाले. “पाहायचे असेल तर…”

“नको. झोपू दे. दिवसा तिला मी उठवत नाही.” वीणाबाईंनी आवाज आणखी खाली आणला. “रात्री फार खेळते. दोन वाजता भूक लागते तिला… काल पहिल्यांदा हसली. यांनाच भीती वाटते. पाळण्याकडे बघतच नाहीत हे. मी म्हटलं, तुम्हीच ना शिबिराला नेलंत मला?”

शास्त्रीबुवांनी हात पुढे केला. “बाई… तो कागद माझ्याजवळ द्या.”

वीणाबाईंनी पिशवीतून टिपण काढले. दिले नाही, नुसते उलगडून दाखवले. आईबापांच्या नावांची कोरी ओळ भरलेली होती. रत्नाकर. वीणा. गोलसर, बायकी अक्षर.

“आईकडून लेकीची पत्रिका कोणी परत मागतं का, शास्त्रीजी?” त्या उठल्या, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. “तुमचे उपकार आहेत. वाट बरोबर सापडली तिला.”

त्या गेल्यावर ओसरीवर वास राहिला.

दिवेलागणीला शास्त्रीबुवा आपली प्रत काढून अमृतराव घाटावर गेले. विचार सरळ होता: जे मांडले ते बुडवायचे, टिपण गेले की बंध गेला. घाटावर पौर्णिमेच्या पणत्या लागल्या होत्या, पायऱ्यापायऱ्यांवर माणसे होती. शास्त्रीबुवा शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी कागद ओंजळीत धरला आणि त्याचा एक कोपरा पाण्याला लावला. त्याबरोबर त्यांच्या तोंडून, न ठरवता, नेहमीचे शब्द सुरू झाले. याच पायरीवर, याच हाताने शेकडो वेळा म्हटलेले. अमुक नावाची, अमुक गोत्राची, इहलोक सोडून गेलेली…

ते थबकले. गोत्र म्हणून ओठांवर आले ते त्यांचे स्वतःचे.

जिवंत माणसाचे टिपण गंगेत सोडत नाहीत. का सोडत नाहीत, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. लोकांना सांगितले मात्र होते, मोठ्या रुबाबात. कागद मुठीत आवळून, आयुष्यात प्रथमच, ते घाटावरून धावत सुटले.

दारातच देवश्रीचा आवाज आला. “मामंजी, बाळाचे पाय बघा ना… ओले होतात. गार पडलेत. पुसते तरी पुन्हा…”

पोरीची पावले घोट्यापर्यंत भिजली होती. शास्त्रीबुवांनी मूठ उघडली. कागदाचा भिजलेला कोपरा तळहाताला चिकटला होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्यात दाबून टिपला, पुन्हा टिपला, आणि देवश्री म्हणाली, “आता नाही होत.”

त्यांनी दौत ओढली. ते मोत्यांचे अक्षर कुठल्याकुठे गेले. कोऱ्या ओळीवर त्यांनी लिहिले: विश्वजीत, देवश्री. नावावर रेघ मारून वर लिहिले: मैत्रेयी. शाई वाळायच्या आत मुलगी रडली. पहिल्यांदाच. अशी कडाडून रडली की कालिंदीबाई हसत हसत डोळे पुसू लागल्या आणि शेजारची बाई विचारायला आली.

मुन्शी घाटावरची खोली महिन्याभरात रिकामी झाली. दोघे कुठे गेली, ते घरमालकाला सांगता आले नाही. त्याने सांगितले ते इतकेच की, पाळणा नेला, कड्या राहिल्या. पत्रिकेचा तो दुसरा कागदही अर्थात त्यांच्याबरोबरच गेला.

या गोष्टीला आता चार वर्षे होत आली. शास्त्रीबुवा हल्ली पंचांग देतात ते मुकाट्याने देतात. मुहूर्त काढून द्या म्हटले की काढून देतात. मैत्रेयी धडधाकट आहे, हट्टी आहे, आजीची लाडकी आहे. फक्त अमावास्येच्या रात्री आजोबा तिच्या खाटेशी बसून राहतात. दाराला आतून कडी, मांडीवर लाल फडके. त्यांना झोप लागत नाही, हे ते शपथेवर सांगतील. ती जागची हलत नाही, हेही. उजाडता उजाडता ते तिच्या केसांत रात्री नसलेली फीत सोडून फडक्यात लपवतात. आता तिथे टिपणांपेक्षा फितीच अधिक दिसतात. पहिल्या वीतभर होत्या. केस वाढले तशा फितीही लांब येत गेल्या.

परवाच्या अमावास्येला त्यांना पहाटे क्षणभर उठावे लागले, आणि देवश्री आधी आत गेली. ते परतले तेव्हा ती लेकीच्या मागे बसून, चमेलीच्या तेलाने चपचपलेल्या, घट्ट घातलेल्या दोन वेण्या सोडवीत होती. देवश्री एकच वेणी घालते.

“मामंजी, हिला कुणी…” एवढे म्हणून ती थांबली. हाताने मात्र फणी जोरात ओढली गेली.

“आई गं! हळू ना,” मैत्रेयी कुरकुरली. “ती नाही ओढत.”