न लागलेला दिवा

शुक्रवारी सकाळी साडेआठला चाकणहून फोन आला, तेव्हा नागसेन ओव्हाळ दापोडीच्या घरात एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता. पलीकडून फौजदार अंजली भेगडे बोलत होत्या. सेन्सरची चाळीस खोकी घेऊन भोसरीहून चाकणला निघालेली पिकअप काल दुपारी रस्त्यात बंद पडली. चालक मदत आणायला गेला. परत आला तर मागचा हौदा रिकामा. मालाचा विमा नागसेनच्या कंपनीचा होता.

"तुम्ही गाडी तपासून लिहून द्या," अंजलीबाई म्हणाल्या. "गाडीत दोष नाही असं निघालं, तर पाच वाजता चालकाला अटक करते. सगळं बोट त्याच्याकडेच जातंय."

नागसेननं बरं म्हटलं. दुसरा मोजा काही सापडला नाही. शेवटी त्यानं दोन रंगांचे मोजे घातले आणि निघाला. कोण बघतंय?

अकरा वर्षं तो विम्याच्या चौकशा करत होता. त्याआधी एकोणीस वर्षं एका कारखान्यात गाड्यांचे मीटर तपासायच्या टेबलावर होता. तो कारखाना बंद पडला आणि हे काम गळ्यात आलं. दहा चालकांतले नऊ खोटं बोलतात आणि दहावा जरा बरं खोटं बोलतो, एवढं शहाणपण त्याला या अकरा वर्षांत मिळालं होतं. मोशीच्या कोंडीत बस अडकली तेव्हा त्यानं डायरी काढली आणि अहवालातली नेहमीची ओळ आधीच लिहून टाकली. 'चालकाच्या संगनमताची शक्यता नाकारता येत नाही.' तेवढीच संध्याकाळची दहा मिनिटं वाचली.

चौकीच्या पायरीवर एक बाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. चालकाची बायको, केसरबाई. डबा उघडलेला नव्हता. आत बाकावर खंडू बसला होता, छप्पन्न वर्षांचा, चाकणजवळच्याच गावचा. एकवीस वर्षं एकाच ट्रान्सपोर्टची गाडी चालवत होता. अंजलीबाईंनी त्याला रात्री घरी जाऊ दिलं होतं आणि सकाळी तो न बोलावताच सातला येऊन बसला होता.

"गाडी कशी बंद पडली?" नागसेननं विचारलं.

"आचकं दिलं न् मेली. हॉर्न बी वाजंना."

"बॅटरी जुनी होती?"

"न्हाई सायेब. बुधवारी बी अशीच मेली व्हती, म्हणून सांजच्याला नवी घातली. आन् बेस्तरवारी दुपारी ती बी गेली."

"हेडलाइट चालू होते?"

"व्हय. सुरक्षा सप्ताह हाय न्हवं. दिसा बी लाइटी लावल्याबिगर कंपनीच्या गेटातून आत घेत न्हाईत."

"फोन नाही केला कुणाला?"

"ज्ञानेशला केला, आमच्या सुपरवायझरला. लागंना. मग बुधवारी गेलो व्हतो त्याच गॅरेजला चालत गेलो."

"मीटरमध्ये लाल दिवा दिसला होता का, बॅटरीचा?"

"एक बी दिवा न्हाई. लागला असता तर म्या गाडी फुडं नेलीच नसती."

नागसेननं मान हलवली. हे सगळं त्यानं शंभर वेळा ऐकलं होतं, फक्त गावांची नावं वेगळी असायची. फायलीत गॅरेजवाल्याचा जबाब होता. त्यानं दोन्ही दिवशी दुसरी बॅटरी जोडून गाडी चालू केली, चांगली रेस केली, मीटर लावून बघितलं. चार्जिंग एकदम फर्स्टक्लास. बुधवारी त्याला वाटलं, बॅटरीच म्हातारी असेल. गुरुवारी मात्र तो अंजलीबाईंना म्हणाला की नवी बॅटरी एका सकाळीत आपोआप मरत नाही. खंडूचं काही खरं नव्हतं.

अकराच्या सुमाराला तो सुपरवायझर आला. ज्ञानेश, बत्तीस वर्षांचा, खंडूच्याच गावचा, छातीवर सुरक्षा सप्ताहाचा बिल्ला. जागा दाखवायला तो नागसेनला आपल्या जीपमधून घेऊन निघाला. जीप जुनी होती, पण नवऱ्या मुलासारखी सजवलेली. ज्ञानेशनं चावी फिरवली तसा सगळा मीटर निळा उजळला. वेग, पेट्रोल, ऑइल, हँडब्रेक, सगळं निळं. बॅटरीचा दिवा तेवढा जुन्या बल्बचा, मंद तांबडा. इंजिन सुरू झालं आणि तो विझला.

हौस दांडगी आहे, असं नागसेन म्हणाला. ज्ञानेश हसला. खंडेनवमीला ट्रान्सपोर्टच्या सहाही पिकअपना निळे एलईडी बसवले होते, भोसरीच्या चिमाजी वायरमनकडून. पूजेच्या दिवशी गाड्या कशा झकास दिसत होत्या, ते त्यानं रंगवून सांगितलं. जीपचं कामही चिमाजीनंच केलेलं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही, साहेब. मी फक्त गाड्या पाठवतो."

काल दुपारी तो भोसरीच्या ऑफिसात एकटाच होता म्हणे, आणि फोन चार्जिंगला लावून बंद ठेवला होता. खंडूबद्दल त्याला फार वाईट वाटत होतं. खंडूनानांनीच त्याला गाडी शिकवली, नानांनीच मालकांना सांगून नोकरीला लावलं. नाना असं काही करतील यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. "पण," तो म्हणाला, आणि त्यानं गिअर बदलला.

कुरुळीच्या पुढे एका बंद शेडसमोर गाडी थांबली होती. गॅरेज तिथून वीस मिनिटं चालत. जायला वीस, यायला वीस. चाळीस हलकी खोकी दुसऱ्या गाडीत टाकायला तेवढा वेळ चिक्कार झाला. बुधवारी गाडी बंद पडली ती जागाही अलीकडेच, अर्ध्या किलोमीटरवर. नागसेन रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहिला. पाय दुखत होते. खंडूनं माल दिला असेल, तर त्यानं आदल्या दिवशी उगाच एकदा गाडी बंद पाडून दाखवली का? सगळ्यांचं लक्ष जाईल असं चोर करतो का? या प्रश्नानं त्याला जरा कंटाळाच आला, कारण आता गाडी नीट बघावी लागणार होती.

पिकअप चौकीच्या आवारात उभी होती. दोन वाजता नागसेन तिच्यात एकटा बसला आणि त्यानं चावी अर्धीच फिरवली. मीटर निळा झाला. ऑइलचा दिवा तांबडा लागला. हँडब्रेकचा लागला. त्यानं बोट ठेवून मोजलं, जसं एकोणीस वर्षं टेबलावर मोजलं होतं, आणि मग पुन्हा मोजलं. चावी बंद करून परत फिरवली. मग तो खाली उतरला आणि अंजलीबाईंना म्हणाला, "त्या चिमाजीला बोलवा. त्याची पिशवी घेऊन येऊ दे म्हणावं."

चिमाजी शेअर रिक्षानं आला तो कुरकुरतच. साठीचा माणूस, भिंगाचा चष्मा, पिशवीत पाने, पकडी, व्होल्टमीटर आणि चक्क नेलपॉलिशची लाल बाटली. ती कशाला, असं अंजलीबाईंनी विचारलंच. एलईडीला उलटसुलट बाजू असते, तो म्हणाला. चुकू नये म्हणून वरच्या बाजूला आपण ठिपका मारतो, बायको बाटलीसाठी रोज भांडते. पिकअपमध्ये त्यानं फक्त उजेडाचे चार एलईडी घातले होते, गोल डोक्याचे. सूचनेच्या तांबड्या दिव्यांना तो कधी हात लावत नाही.

नागसेननं इंजिन हळू चालू ठेवलं आणि चिमाजीला बॅटरीवर व्होल्टमीटर लावायला सांगितलं. आकडा बारावर होता आणि मुंगीच्या पावलानं खाली येत होता. मग नागसेननं एकदा पाय दाबला. आकडा टुणकन चौदावर गेला आणि इंजिन हळू झालं तरी तिथंच राहिला.

चिमाजीची कुरकुर थांबली. न सांगता त्यानं स्क्रू काढले, मीटर बाहेर ओढला, बॅटरीच्या दिव्याचा होल्डर फिरवून सोडवला आणि त्याच्यात जे होतं ते तळहातावर घेतलं. चपट्या डोक्याचा एलईडी, त्यावर लाल ठिपका. त्यानं तो चष्म्याजवळ नेऊन बघितला. मग नागसेनच्या कानाशी लागून काहीतरी बोलला.

"सगळ्यांना आत बोलवा," नागसेन म्हणाला. "केसरबाईंनाही. त्या सकाळपासून पायरीवर बसल्यात."

पावणेपाच झाले होते. खोलीत पंखा कर्रकर्र फिरत होता. खंडू उभाच राहिला. ज्ञानेश दाराशी होता. नागसेन खुर्चीत बसून बोलला, कारण उभं राहायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"खंडूनाना खरं बोलले. गाडी आपोआपच मेली, पण ती मरावी अशी सोय कुणीतरी केली होती. गाडीत वीज बनवायला अल्टरनेटर असतो. या जुन्या गाड्यांत तो स्वतःहून जागा होत नाही. चावी फिरवली की बॅटरीच्या दिव्यातून थोडी वीज त्याच्याकडे जाते आणि तो उठतो. साधा बल्ब कसाही बसवा, वीज जाते. एलईडीतून ती एकाच बाजूनं जाते. उलटा बसवला की वाट बंद. दिवाही लागत नाही आणि अल्टरनेटरही झोपलेला. मग गाडी नुसती बॅटरीवर चालते. त्यात सुरक्षा सप्ताहाचे हेडलाइट. एका सकाळीत नवी बॅटरीही संपते."

"पण गॅरेजवाल्याला चार्जिंग बरोबर दिसलं," अंजलीबाई म्हणाल्या.

"त्यानं रेस केलं म्हणून. जोरात पळवलं की अल्टरनेटर आपला आपण जागा होतो. पण बाई, भोसरी ते चाकण गाडी पळवायला रस्ता आहे कुठे?"

दिवसभरात पहिल्यांदाच अंजलीबाईंच्या तोंडावर हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "बसवला कुणी?"

"ज्याला हे ठाऊक होतं त्यानं. आणि हे पुस्तकात वाचून कळत नाही, स्वतःची बॅटरी मेल्यावर कळतं." नागसेननं दाराकडे पाहिलं. "ज्ञानेश, तुमच्या जीपमध्ये सगळे दिवे निळे आहेत. बॅटरीचाच तांबडा का ठेवला?"

"ते चिमाजीनं..."

"मी तुझ्या जीपला एकदाच हात लावलाय," चिमाजी म्हणाला. "मोबाइलवर बघून तूच सगळे चपटे एलईडी घातले होतेस. दोनदा बॅटरी मेली म्हणून गेल्या महिन्यात माझ्याकडे रडत आलास. मी बॅटरीचा एलईडी काढला, साधा बल्ब घातला आणि काढलेल्यावर ठिपका मारून तुझ्या हातात दिला. उलटा बसवलास की असं होतं, म्हणून समजावलं. हा बघ तो. पिकअपमध्ये याचा ठिपका खाली होता, म्हणजे उलटा."

त्यानं तळहात पुढे केला. ज्ञानेशनं तिकडे बघितलं नाही.

पुढचं नागसेननं थोडक्यात सांगितलं. पिकअपच्या चाव्या ऑफिसच्या बोर्डावर टांगलेल्या असतात. मंगळवारी संध्याकाळी दिवा बदलला. बुधवारी गाडी कुठवर जाते आणि नाना काय करतात, ते मागून पाहून घेतलं. गुरुवारी फोन बंद ठेवून जीप मागे लावली. अंजलीबाईंनी दोनच प्रश्न विचारले आणि ज्ञानेशनं सगळं कबूल केलं. खोकी पुनावळ्याच्या एका भाड्याच्या खोलीत होती.

खंडू हळूहळू ज्ञानेशपुढे आला.

"सा गाड्या व्हत्या," तो म्हणाला. "माझीच का रं?"

ज्ञानेशनं मान वर केली नाही. "तुमच्यावर कुणी संशय घेणार नाही असं वाटलं, नाना. नुसती चोरी झाली म्हणतील आणि सोडून देतील."

अंजलीबाई फाइल सारखी करायला लागल्या. नागसेनचा हात खिशातल्या डायरीवर गेला आणि त्याला मनापासून लाज वाटली. एका चोराला या माणसाच्या चांगुलपणाची खात्री होती, आणि आपण त्याचं तोंड बघायच्या आधीच बसमध्ये ओळ लिहून मोकळे झालो होतो. त्यानं डायरी काढली, ते पान फाडलं आणि खंडूला खरं ते सांगून टाकलं. मी तुम्हाला न बघताच चोर लिहिलं होतं, नाना, मला माफ करा.

"सगळ्यांनीच लिव्हलं व्हतं, सायेब," खंडू म्हणाला. "तुमी फाडलं तरी."

केसरबाईंनी डबा तिथंच बाकावर उघडला आणि पहिली भाकरी नागसेनच्या हातात दिली. सकाळपासून त्यानंही काही खाल्लं नव्हतं, हे त्याला तेव्हा आठवलं.

बाहेर चिमाजीनं पिकअपमध्ये साधा बल्ब बसवला. खंडू हात धुऊन गाडीत चढला. त्यानं चावी अर्धी फिरवली आणि थांबला. बॅटरीचा दिवा तांबडा लागला. तो त्याच्याकडे बघत राहिला, इतका वेळ की चिमाजीनं बाहेरून विचारलं, काय झालं?

"काय न्हाई," खंडू म्हणाला. "दिवा न्हाई म्हंजी समदं बरं, असं एकवीस वर्सं समजत व्हतो."

मग त्यानं गाडी सुरू केली, आणि दिवा विझला.